कौतिकाच्या बापाबद्दल

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात आम्ही दोघं एकमेकांना सगळं सांगत बसायचो, म्हणजे मी सगळं सांगतेय असं त्यांना वाटायचं. चर्चमध्ये गुडघे टेकून सगळ्यांबरोबर पापं कबूल करतानाही मी हे तेवढं गाळत आले. देवाला फसवता येत नाही म्हणतात — पण त्याच्यासमोर गप्प तर बसता येतं ना? मी बसले.

आणि आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. मला राग आलाय.

परवाच्या रविवारी उपासना संपल्यावर अंगणात सगळे जुन्या शाळेच्या आठवणी काढत होते. काय शाळा होती, काय इंग्रजी शिकवायच्या मिससाहेब, आणि त्यांची लाडकी कोण — तर आपल्या मार्थाबाई! सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी हसले. हसता येतं मला अजून. घरी आले आणि ताटावरून उठले, घास जाईना. राग कुणाचा? त्यांचा? मिससाहेबांचा? की या हसणाऱ्या बाईचा? थांबा, क्रमानं सांगते. नाहीतर मी पुन्हा मधलं गाळीन.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मॅट्रिकचे पेपर नागपूरहून यायचे. आमची शाळा मिशनची, मुलींची, बुलढाण्याच्या घाटाखाली. माझे वडील मिशनमध्ये प्रचारक, म्हणून मी लहानपणापासून त्या आवारातच वाढलेली. वरच्या वर्गांना इंग्रजी वाङ्मय आणि निबंधलेखन शाळेच्या प्रमुख, गोऱ्या मिससाहेब स्वतः शिकवायच्या. बाहेर एप्रिलचं ऊन दगड फोडत असायचं आणि आत आम्ही बर्फावर निबंध लिहायचो. कधी न पाहिलेल्या फुलांची नावं घोकायचो. मला ते फार छान जमायचं. पुस्तकातली गोड गोड वाक्यं उचलून एकापुढं एक अशी मांडायची की मिससाहेब डोळे मिटून ऐकायच्या. माझं स्वतःचं एकही वाक्य त्यात नसायचं — पण ते कुणाला कळत होतं? मला कळत होतं.

निबंध कसा असावा याची मिससाहेबांची एक रीत होती. आधी अंधार, मग प्रकाश. आधी दुःख, मग कुणीतरी हात धरून त्यातून काढलं पाहिजे. तो हात कुणाचा, हे सांगायची गरज नसायची. आमचे निबंध निवडून त्यांच्या देशातल्या चर्चच्या मासिकाला पाठवले जायचे. ते वाचून तिकडची माणसं रडायची, असं त्या आनंदानं सांगायच्या.

कौतिका माझ्या वर्गात होती. ती रोहिणखेडकडच्या एका खेड्यातली. तिची आई, गयामावशी, आमच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायची. बाप गेल्यावर मायलेकी मिशनमध्ये आल्या, पुढं बाप्तिस्माही घेतला. कौतिकाचं इंग्रजी माझ्यापुढं अगदी उघडंबोडकं. लहान लहान वाक्यं. विशेषणं नाहीत, फुलं नाहीत, बर्फ नाही. मिससाहेब तिच्या निबंधावर कधी चांगला शेरा देत नसत. मला तिचा हेवा वाटायचं काही कारणच नव्हतं.

मॅट्रिकच्या वर्षी मिससाहेबांनी 'माझे वडील' असा विषय दिला.

कौतिकानं जे लिहिलं ते मला आजही पाठ आहे. ते इंग्रजीत होतं, पण त्याच्या पोटात आपलीच बोली होती. माझा बाप विहिरी खणायचा, असं पहिलं वाक्य. त्या विहिरींचं पाणी तो कधी प्यायला नाही, हे दुसरं. पुढं साधं सरळ सगळं लिहिलेलं — पाणी लागलं की गाव नारळ फोडायचं, आणि त्या दिवसापासून तिच्या बापानं त्या विहिरीच्या काठावर पाय ठेवायचा नाही. हे गावकुसाबाहेरचे लोक, त्यांचा विटाळ. मग एका विहिरीची दरड त्याच्या अंगावर कोसळली. त्याला मेलेला वर काढला. गावानं ब्राह्मण बोलावून विहीर शुद्ध करून घेतली. घरी मात्र कुणी आलं नाही. संपला निबंध.

तिनं तो मोठ्यानं वाचला तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी — लक्षात घ्या, त्याच क्षणी — मला ती मुलगी नकोशी झाली. मी वर्षानुवर्षं पुस्तकं घोकून जे केलं नव्हतं ते तिनं दोन साध्या वाक्यांत केलं होतं. असं मला जन्मात लिहिता येणार नाही, हे मला कळलं. आणि ते खरंच निघालं.

मिससाहेबांनी नेहमीप्रमाणे निबंध माझ्याकडे दिले. मासिकासाठी ते चांगल्या अक्षरात उतरवायचं, चुका दुरुस्त करायचं काम माझं असे. कौतिकाच्या निबंधावर बोट ठेवून त्या म्हणाल्या की यात दुःख खूप आहे, पण प्रकाश कुठंच नाही. तिकडच्या माणसांच्या हृदयाला भिडेल असं काहीतरी कर. एवढंच म्हणाल्या त्या. काय कर ते नाही सांगितलं. इतकी वर्षं मला वाटत आलंय की सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं — मला सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

ते मी केलं. माझ्या डोक्यानं, माझ्या हातानं, माझ्या सुंदर वळणदार अक्षरात. विहिरी काढून टाकल्या. मी लिहिलं की माझा बाप दारू प्यायचा. तो माझ्या आईला लाथा मारायचा. आम्ही दोघी उपाशी कुडकुडत मिशनच्या फाटकाशी आलो आणि तिथं एका दिव्याचा उजेड होता. खाली नाव लिहिलं — कौतिका. ज्या माणसानं उभ्या जन्मात दारूला शिवलं नव्हतं, ज्यानं लेकीला शाळेत घालायचा हट्ट धरला होता — गयामावशी भाकरी थापताना हे कितीदा सांगायची — त्या मेलेल्या माणसाला मी दारुड्या केलं. काय बिघडवलं होतं त्यानं माझं? मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. लिहिताना मला मजा येत होती. हेही सांगते, हेच तर सांगायचंय. दिव्याच्या उजेडाचं वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले.

मासिक तिकडं छापलं जायचं. त्याचा अंक आम्हा मुलींच्या हाती कधी पडत नसे. तेव्हा ते तिथंच राहिलं असतं. पण नाताळच्या आधी तिकडचे पाहुणे आले, मिशनला मदत करणारी मंडळी. प्रार्थनेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना बसवलं. मुली पुढं, स्वयंपाकीणबाया आणि नोकर मागं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या मेमसाहेबांनी कौतिकाच्या आईला भेटायची इच्छा दाखवली. गयामावशीला पुढं आणलं. हाताला पीठ तसंच. आणि मेमसाहेबांचं बोलणं मराठीत सांगायला उभी कोण? मीच. इंग्रजीत पहिली ना मी.

मेमसाहेबांनी गयामावशीचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्या म्हणाल्या की तुमचा दारुडा नवरा तुम्हाला मारायचा हे वाचून आम्ही रडलो, आणि प्रभूनं तुमची त्याच्यापासून सुटका केली म्हणून आम्ही प्रभूचे आभार मानले.

गयामावशी माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी म्हणाले, "मावशी, त्या म्हणतात तुमच्या लेकीनं फार चांगलं लिहिलंय."

गयामावशीचा चेहरा असा उजळला! तिनं मेमसाहेबांना हात जोडले, वाकून नमस्कार केला, पुन्हा पुन्हा मान डोलावली. नवऱ्याच्या मरणाबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या बाईला ती बिचारी हो हो म्हणत होती. वर्गातल्या बाकीच्या मुलींना पाहुण्यांचे उच्चार कळत नसत, त्या नुसत्याच हसत होत्या. मिससाहेब पलीकडं लहान मुलींना गाण्यासाठी ओळीत उभं करत होत्या.

कौतिका मात्र आईच्या अगदी जवळ बसली होती; तिला सगळं कळलं. इंग्रजीही आणि माझं मराठीही.

ती उठली. मिससाहेबांसमोर जाऊन इंग्रजीतच बोलली, न अडखळता. "माझे वडील दारू पीत नव्हते. हे मी लिहिलेलं नाही."

मिससाहेब लाल झाल्या. आणि त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, तिचा निबंध तू होता तसाच उतरवलास ना?

आता ऐका, माझ्या रागाचं मूळ इथं आहे. मिससाहेबांनी कौतिकाचा मूळ निबंध ऐकला होता. वर्गातल्या मुलींनीही ऐकला होता, पण मिससाहेबांसमोर बोलणार कोण? वाचला होता. त्यावर बोट ठेवून माझ्याशी बोलल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं! दारूचा एक शब्द त्यात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी पाहुण्यांदेखत मला विचारलं, आणि त्यांना कोणतं उत्तर हवंय ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. रोज सकाळी आम्हाला सत्य शिकवणारी बाई! किती वर्षं मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्यात. पण शिव्या देऊन काय होतं? प्रश्न त्यांचा होता. उत्तर मी दिलं.

मी म्हणाले, "होय. जसाच्या तसा."

कौतिकाला पाहुण्यांची माफी मागायला सांगितलं. तिनं मागितली नाही. कृतघ्न आणि खोटी म्हणून तिला बोर्डिंगातून काढलं. गयामावशीला राहायची मुभा होती, पण लेकीला एकटीला कुठं धाडणार? तीही निघाली. कुणी तिला काही समजावून सांगितलं नाही. तिनं एवढंच पाहिलं की चांगलं चाललेलं असताना आपली पोरगी उठली आणि इंग्रजीत मेमसाहेबांशी भांडली.

निघायच्या आधी कौतिका मला स्वयंपाकघरामागं भेटली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माह्या बापाले तू दारुड्या काऊन केलं?" तिनं विचारलं. "त्यानं तुह्यं काय नेलं होतं?"

मी खाली बघत राहिले. तिनं गाठोडं उचललं. मग म्हणाली, "माह्या मायले यातलं काई सांगू नको. माय मरून जाईन."

दोघी गाठोडी घेऊन फाटकाबाहेर गेल्या. मी मॅट्रिक झाले. इंग्रजीत बक्षीस मिळालं. पुढं त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, मिससाहेबांच्याच खुर्चीवर बसून. किती मुलींना मी निबंध लिहायला शिकवलं! मनापासून लिहा, खरं लिहा, असं फळ्यासमोर उभं राहून सांगायला जीभ कशी रेटली माझी? रेटली. सवय होते.

हे इथं संपलं असतं तरी मी कदाचित गप्प राहिले असते. पण नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी मोताळ्याच्या बाजारात मला गयामावशी भेटली. सीताफळांची पाटी पुढं घेऊन बसली होती. खूप वाळली होती. मला ओळखलं, हात धरून पाटीशेजारी बसवून घेतलं. कौतिकाचं विचारलं तर म्हणाली, दिली एका खेड्यात, शेतावर जाते, पोरंबाळं आहेत. आईशी मात्र फारशी बोलत नाही, म्हणाली.

"मीच लय बोलले ना तिले तवा," मावशी म्हणाली. "ते गोरी बाई एवढं चांगलं बोलून राह्यली होती, तूच तं सांगितलं मले. अन् हिनं काऊन तमाशा केला? हातची भाकर गेली. लय शिव्या देल्या म्या तिले. मारलं बी. पण पोरगी तोंड उघडीन तं शपथ."

मला तेव्हा कळलं. कौतिकानं बापाचं मळवलेलं नाव आईच्या कानापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. त्यासाठी शाळा गेल्याचा दोष अंगावर घेतला, मार खाल्ला, आणि आई गमावली.

मावशी माझ्याकडं बघत होती. "मार्था, खरं सांग. तवा माह्या पोरीचंच चुकलं होतं ना?"

मी कौतिकाला शब्द दिला होता, म्हणून बोलले नाही — असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आले. खोटं आहे ते. मी तिला कसलाच शब्द दिला नव्हता, खाली मान घालून उभी होते नुसती. आणि बापाचं काही न सांगताही एवढं सांगता आलं असतं की मावशी, तुझी पोरगी खरी होती, खोटी मी होते. एवढ्यानं कुणी मेलं नसतं. माझी शाळेतली खुर्ची हलली असती, बस.

"जाऊ दे मावशी," मी म्हणाले, "लहान होती ती."

तिनं मान हलवली. तिचं समाधान झालं. मग पाटीतली चांगली डोळे उघडलेली सीताफळं निवडून माझ्या पिशवीत घातली. मी पैसे देऊ लागले तर रागावली, लेकीसारखी आहेस म्हणाली.

मी ती घरी आणली आणि बसून खाल्ली.