बनाबाईच्या कातड्याला मानवलं न्हाय

बनाबाईला कुणी 'पांढरी' म्हणलं की हातात आसंल ते ती फेकून मारायची. खडीची हातोडी आसली तर हातोडी. नळदुर्गाच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं खिडकीतनं त्वांड काढून "ए भुरे!" म्हणलं, तर तिनं आसा दगड हाणला की मेल्याचे दात त्याच्याच मांडीवर पडले. आमी बाया पोट धरून हसलो. बाहत्तरच्या त्या दुष्काळात हसायला दुसरं व्हतं तरी काय?

बना जल्मताच सूर्यमुखी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडं गुलाबी, उन्हात डोळं उघडायचं न्हाय. आमची घरं भिंतीला भिंत, म्हणून मला समदं ठावं. ऊन म्हंजी तिला इस्तव. घटकाभर बसली की कातडं लाल, मग फोड, मग फोड फुटून चिघळायचं. नवरा गुलाब लई जालीम. पोरगी झाली, भिमी, तीबी आईवाणीच सूर्यमुखी. "एक भुरी पुरं, दोन कुठं पोसू?" म्हणून त्यानं बाळंतिणीला लाथा घातल्या आन गेला निघून. गेला ते बरंच झालं.

दुष्काळात घरी बसून कोण खायला घालतंय? मायलेकी आमच्यासंगं खडी फोडायला यायच्या. भिमी तवा न्हातीधुती झालेली. चार काठ्या रोवायच्या, वर पोतं बांधायचं, त्या सावलीत बसून दोघी फोडायच्या. मुकादम व्यंकटला ते पोतं खुपायचं. त्यानं एकदा भिमीच्या दंडाला हात घातला व्हता, तवा बनानं चारचौघांत त्याच्या थोबाडात दिली व्हती. त्या दिसापासनं मुडदा टपून बसलेला.

मग दवाखान्याची गाडी आली. डॉक्टर भला माणूस. बनाचे फोड बघून त्यानं एक ट्यूब दिली. आत गोंदावाणी नितळ जेली, वास स्पिरिटचा. म्हणला, "हे लावलं की ऊन कमी बाधतं. पण बाई, एकाला मानवतं, एकाला नाही. आधी थोडं लावून बघा." गाडी गेली न्हाय तवर व्यंकटानं पोतं ओढून काढलं, काठ्या मोडल्या. "औषध मिळालं न्हवं? आता बसा समद्यांवाणी उन्हात!"

बनानं सांजच्याला कोपराच्या आतल्या अंगाला जेली लावली, वर फडकं बांधलं. बिब्बा आसो की कसला पाला, कातड्याला काय लावायचं तर आमच्यात आसंच बघत्यात. सकाळी फडकं सोडलं तर ना खाज, ना लाली.

म्या म्हणलं, "मानवलं की गं! लाव पोरीला."

"मथुरे, फडक्याखाली काय कळतंय?" बना म्हणली. "उन्हाचं औषध, ते उन्हातच बघाय पायजे. आन आंदी माझ्या कातड्यावर."

भिमीला तिनं बाभळीखाली बसवलं आन आपण दोन्ही हात उघडे टाकून उन्हात बसली. एका हाताला जेली, दुसरा कोरा. दुपारपातूर कोरा हात लाल झाला, रोजच्यासारखा. आन जेलीचा? आई गं! जिथं जेली लागली व्हती तेवढ्याच जागी, कढत तेल सांडल्यावाणी टरारून फोड. आगीतनं फुफाट्यात म्हणत्यात ते हेच.

"न्हाय मानवत," बना म्हणली. "माझ्या पोटची हाय. हिचंबी कातडं तसलंच आसंल तर?"

व्यंकटाला हात दावला तर म्हणला, "सोंग! कामचुकार बाया." आन दुसऱ्या दिशी आमच्या डोळ्यांदेखत त्यानं भिमीची वेणी धरली, खाली पाडली, छातीवर गुडघा ठिवला आन बनाच्या गाठोड्यातली आख्खी ट्यूब पिळून तिच्या तोंडाला फासली. "बघू कसं मानवत न्हाय ते! बस उन्हात!" पोरगी कोकरावाणी वरडत व्हती.

बनानं हातोडी उचलली आन त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं आमाला समद्यांना ऐकू आलं. मग ती इरम्माच्या घड्याकडं पळाली. इरम्मा मुरूमकडची, लिंगायताची. तिच्या घड्याला आमी शिवायचं न्हाय. आन त्या दिसांत पाण्यापायी बायांनी एकमेकींची डोकी फोडलेली! बनानं त्यो घडा उचलला, भिमीच्या तोंडावर वतला, घासून घासून धुतलं. थेंब ठिवला न्हाय. इरम्मा नुसती बघत राहिली.

तवर व्यंकटाची माणसं काठ्या घेऊन आली. बनाला गुरावाणी मारलं. व्हट फाटला, खांदा निखळला. मग फरपटत नेऊन डांबराच्या पिंपाला बांधली, पदर काढून फेकला. व्यंकट मोडका हात धरून वरडला, "जेली मानवत न्हाय व्हय तुला? बघू ऊन तरी मानवतं का! दिवस मावळंस्तोवर सोडायची न्हाय हिला!"

"तुझं मढं बशिवलं, भाड्या!" म्या वरडले. पर शिव्यांनी ऊन अडतंय का? तिचं कातडं डोळ्यांदेखत लाल व्हाय लागलं. मग म्या उठले आन जाऊन तिच्या म्होरं हुबी राहिले. माझी सावली तिच्या तोंडावर पडली, पर उघड्या दंडांना पुरंना. पाठीत काठी बसली, डोळ्यांपुढं काजवे चमकले.

तेवढ्यात इरम्मा उठली. "एळ्री, एळ्री! उठा की गं, एकीच्यानं किती झाकंल?" आन माझ्या खांद्याला खांदा लावून हुबी राहिली. मग एकेक करत समद्या बाया आल्या.

लई मारलं आमाला. पाठीवर, पोटऱ्यांवर. इरम्माच्या डोक्यातनं रगात गळत व्हतं.

"भिमीचं त्वांड?" बनानं इचारलं.

"नितळ हाय," म्या म्हणलं. "एक फोड न्हाय."

बनानं डोळं मिटलं. काठ्या पडत व्हत्या, पर कुणी जागा सोडली न्हाय. दिवस कलंल तशा आमी त्याच्यासंगं इतइत सरकत गेलो, बनाच्या अंगावरची सावली तेवढी सुटू दिली न्हाय.