राक्षसाला लागली उचकी

किस्से म्हणजे वाडीतल्या केळ्यांसारखे असतात बघा. नसतात तेव्हा औषधालाही सापडत नाहीत, आणि पिकायला लागले की अख्खा घड एकदम! मग शेजारीपाजारी बोलावून वाटून टाकावे लागतात, नाहीतर काळे पडतात. तेव्हा बसा. चहा ठेवलाय, घाई करू नका.

तर आम्ही चार वेडे. मी रोझी, शाळेतून रिटायर झालेली, चर्चच्या कॉयरमध्ये कीबोर्ड वाजवते आणि तोंडाने जरा तिखट आहे, हे तुम्ही जाणताच. दुसरी ऋचा. बोळिंजला राहते, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करते आणि वेस्टर्न गाणं रीतसर शिकलेली आहे. तिसरा नीलेश, शाळेत मराठी शिकवतो. मूळचा कोकणातला, गळा भजनात तयार झालेला. आणि चौथे आमचे डॉमनिकदादा. वसईतल्या गिरीजचे, केळी-नारळाची वाडी, आणि आवाज असा खर्जातला की कॉयरमध्ये ते 'आमेन' म्हणाले की मागचा बाक हलतो.

एका संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर ऋचा म्हणाली, "टीचर, आपण शाळांमधून मुलांसाठी ऑपेरा करूया."

मी म्हटलं, "मुलं झोपतील गं."

"मग हसवूया ना!"

झालं. बसलो लिहायला. राक्षसाला उचकी लागते. थांबतच नाही. प्रत्येक उचकीला राजवाडा हादरतो. राजकन्या आणि स्वयंपाकी नाना उपाय करतात. शेवटी राजकन्येला आठवतं की उचकी लागली म्हणजे कोणीतरी आपली आठवण काढतंय, आणि बरोबर माणसाचं नाव घेतलं की ती थांबते! मग राजा, प्रधान, शेजारीण, सगळ्यांची नावं घेऊन होतात. आणि अखेर निघते कोण, तर राक्षसाची आई! गोष्ट एवढीशी, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गायची. राक्षस दादा, राजकन्या ऋचा, स्वयंपाकी नीलेश, आणि कीबोर्डवर मी.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. ती मनात दाबून मला हसता येत नाही. चार-पाच खेळ झाले आणि दादांचा आवाज बसायला लागला. तपासलं तर स्वरयंत्रावर गाठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, आणि नंतर गाता येईल की नाही, हे आज सांगता येणार नाही. तोवर गाणं बंद! दादा म्हणाले, "शाळांना शब्द दिलाय. तेवढे खेळ होऊ देत, मग कापा काय कापायचं ते." आम्ही तिघांनी हात जोडले, पण ऐकतील तर ते दादा कसले! येत्या सोमवारी ऑपरेशन आहे.

असो. किस्से ऐका.

* * *

पहिलाच खेळ, बोळिंजची शाळा. नीलेशने आधी छोटंसं भाषण केलं. "मुलांनो, ऑपेरामध्ये लोक बोलत नाहीत, सगळं गाऊन सांगतात." मुलांनी माना डोलावल्या. आम्ही सुरू झालो.

पाचेक मिनिटांत तिसरीतला एक गोल चेहऱ्याचा मुलगा उभा राहिला. फार काळजीत होता बिचारा. म्हणाला, "टीचर, पण यांना साधं बोलताच येत नाही का?"

मी कीबोर्डवरून डोळे वटारले. पण ऋचा तयारीची! ती राजकन्येच्या तोऱ्यात त्याच्याकडे वळली आणि गाऊनच म्हणाली, "नाऽऽही!"

 मग त्यानेही सूर लावला, "अच्छाऽऽऽ!" आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. "अहो रोझी टीचर, हा तुमचा ऑपेरा उतरवायचा कसा? अख्खी तिसरी गाऊन हजेरी देतेय!"

मी विचारलं, "सुरात देतायत का?"

"त्यातली दोनतीन देतायत," बाई म्हणाल्या.

* * *

आता नीलेशची गंमत. स्वयंपाक्याचं एक मोठं गाणं आहे. राक्षसाची उचकी थांबवायला काय शिजवू, काय शिजवू, अशा घोळात तो रडकुंडीला येतो. मी चाल बांधली होती साधी. पण नीलेशचा गळा भजनातला. एकदा 'काय शिजवूऽऽ' म्हणून लांब सूर लागला की त्यातून तान सुटणारच! ऋचा कपाळाला हात लावायची. "नीलेश, हा ऑपेरा आहे!"

"मग? ऑपेऱ्यातला स्वयंपाकी कोकणातला असू नये का?"

किनाऱ्याकडच्या एका गावच्या शाळेत खेळ होता. मधल्या सुट्टीची खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. नीलेश रंगात आलेला. काय शिजवू, भात शिजवू की डाळ शिजवू, तानेवर तान! मावशींनी बराच वेळ सोसलं. मग तिथूनच ओरडल्या, "अरे बाबा, पानी उकळून गेलं कवाच! कोनी शिकवलं तुला रांधायला? मीठ टाक नि उतरव! पोरं उपाशी हायेत!"

मुलांनी जो गोंधळ घातला! आणि खरंच जेवायची वेळ टळून गेली होती. राक्षसाला तसाच उचकत ठेवून आम्ही सगळे खिचडी खायला बसलो. दादा शिंगांसकट पंगतीत. मावशींनी त्यांच्या ताटात दोनदा वाढलं. "राक्षस हाय, त्याला पुरायला नको?" उरलेला ऑपेरा जेवणानंतर झाला, आणि नीलेशने त्या दिवसापासून एक तान कमी केली.

* * *

नावं घेण्याचा प्रसंग आम्ही लिहिला होता चार ओळींचा. पण मुलं आम्हाला कुठे ऐकतात! उचकी लागली की नाव घ्यायचं, हे प्रत्येकाला घरूनच ठाऊक. राजकन्येने "कोण बरं आठवण काढतंऽऽ?" म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग सुटायचा.

एका शाळेत सगळ्यांनी मिळून गणिताच्या बाईंचं नाव घेतलं. बाई तिथेच खुर्चीत बसलेल्या, लाजून लाल! तेवढ्यात मागून एक मुलगी ठसक्यात म्हणाली, "त्या नसणार. त्या फक्त गृहपाठाची आठवण काढतात!"

दुसरीकडे एका पठ्ठ्याने वेगळाच मुद्दा काढला. "राक्षसाचं नाव काय आहे?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. नाव ठेवलंच नव्हतं!

"नाव नसेल तर त्याची आठवण काढणार कशी?"

बिनतोड! मी तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. दादांनी डोळे मिटले आणि खोल आवाजात गायले, "माझं नाव बाऽऽबू."

इतकं गोड गायले की मला गलबलून आलं. एवढा अगडबंब राक्षस आणि नाव बाबू! मुलांना ते पटलंही लगेच.

* * *

दादांच्या डोक्यावर काथ्याचा टोप असायचा, त्याला शिवलेली दोन शिंगं. ऋचाने जुन्या मोज्यांत कापूस भरून केली होती. खेळानंतर चेहरा धुवायचा, टोप काढायचा, मग घरी जायचं, असा नेम.

एकदा खेळ लांबला आणि दादांची डॉक्टरांकडे वेळ ठरलेली. त्यांनी घाईघाईत तोंड धुतलं, सदरा बदलला, रिक्षात बसले. मी बरोबर. मी मेली बॅगेत पैसे शोधण्यात गुंग, मान वर करून बघितलंच नाही! दवाखान्यात लोक वळून वळून बघतायत. मला वाटलं, वसईची माणसं, ओळखीचीच असतील.

आत गेलो. डॉक्टर समोरच्या कागदातून मान वर न करता म्हणाले, "काका, मी सांगितलंय ते पाळताय ना? गात नाही ना?"

दादांनी लहान मुलासारखी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही!

डॉक्टरांनी वर बघितलं. दादांबरोबर शिंगंही हलत होती. नाही, नाही!

डॉक्टर रागावले नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि हळूच म्हणाले, "किती शाळा राहिल्यात?"

"एक," दादा म्हणाले. "नालासोपाऱ्याची."

"तोवर घरात एक शब्द बोलायचा नाही. जमेल?"

जमवलं हो दादांनी. आठवडाभर घरात हाताच्या खुणा. मला वाटलं, दादांच्या बायकोला, ॲनीवहिनींना बरंच वाटलं असेल, दोघांची रोज कशावरून तरी जुंपायची. भेटायला गेले तर वहिनी ओट्याशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "रोझी, नको गं ही शांतता. त्यांना सांग, भांडा तरी माझ्याशी!"

पलंगावरून दादांनी खूण केली, सोमवारनंतर भांडू.

* * *

तर नालासोपाऱ्याची शाळा. गेल्या शनिवारचीच गोष्ट. हॉल नाही म्हणून दोन वर्गांमधला पडदा बाजूला सारून मुलं दाटीवाटीने बसवली होती. बरीच मुलं बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबांतली. निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आणि मध्येच भलतीच एखादी बोली.

सुरुवात छान झाली. दादांचा आवाज आठवडाभर झाकून ठेवलेला, तो असा बाहेर आला की ऋचाने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मीही मनात क्रूस काढला. आणि नावं घेण्याच्या जागेपाशी आवाज गेला. नुसती हवा. दादांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवा. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मी वाजवत राहिले.

मुलांना वाटलं, उचकी वाढली! "पानी दो, पानी दो!" एकीने स्वतःची बाटली पुढे केली. मग नावं सुरू झाली. राजा, प्रधान, आजी, नानी! दादा फक्त मान हलवतायत.

तेव्हा दोन वेण्यांची एक मुलगी उठली. "मेरी मम्मीचं नाव घ्या ना. ती गावाला असते. ती रोज आठवण काढते."

दादा गुडघ्यावर बसले. तिने कानात नाव सांगितलं. आणि कुठून आणला कोण जाणे, दादांनी तळातून एक सूर काढला आणि गायले, "सुनीऽऽता." फाटका सूर, पण लागला.

मग काय, रांगच लागली! कोणाचे पप्पा दुबईला, कोणाची दादी गोरखपूरला, कोणाचा भाऊ हॉस्टेलवर. प्रत्येकाने कानात सांगायचं आणि राक्षसाने गायचं. ऋचा पुढे होऊन कुजबुजली, "अंकल, बस झालं, प्लीज!" दादांनी तिला हाताने मागे सारलं. एकेक नाव आणखी बारीक, आणखी फाटकं होत गेलं. नीलेश भिंतीकडे तोंड करून उभा. मला पट्ट्या दिसत नव्हत्या.

रांगेत शेवटी एक किडकिडीत मुलगा राहिला. दादांनी कान पुढे केला. पण त्यांचा आवाज आता पार गेला होता, हे त्याला आमच्याआधी कळलं असावं. तो म्हणाला, "माझे सगळे इथंच आहेत. तुमच्या आईचं नाव सांगा. मी गातो."

 मग दादांनीच त्याच्या कानाशी तोंड नेलं.

मुलगा आमच्याकडे वळला. त्याने राक्षसासारखे पाय फाकले, छाती भरून घेतली आणि त्याला जमेल तेवढ्या जाड आवाजात गायला, "सेराफीऽऽऽना!"

राक्षसाची उचकी थांबली.