न्हाणीघरातून काढलेली वाट

डच मुलखातल्या हूफडॉर्प गावच्या घरात तीन वर्षं नुसतं बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा मला नोकरी मिळाली ती पाडापाडीची. नवरा हसून हसून लोळला. "बरं झालं बाई, आता घरातली भांडी तरी वाचतील," म्हणाला. पुण्यात मी इंजिनिअर होते, इमारती उभ्या करायचे. इथे कापेल नावाच्या पाडकाम कंपनीच्या ऑफिसात बसून त्या कुठून आणि कुठल्या क्रमानं पाडायच्या, याचे नकाशे काढायला लागले. खोटं कशाला सांगू, मला ते काम मनापासून आवडायचं.

दोन हजार पाच साली देशाच्या दक्षिण टोकाची एक कोळशाची खाण आमच्याकडे आली. बंद पडून तीसेक वर्षं झालेली. लिफ्टचा मनोरा, कोळसा धुण्याची इमारत, मागची विटांची चिमणी, सगळं पाडायचं होतं. ठेवायचं होतं ते फक्त कामगारांचं न्हाणीघर. लांबलचक हॉल, पांढऱ्या टाइल्स, शॉवरच्या रांगा. तिथे नगरपालिकेला रेस्टॉरंट काढायचं होतं.

गावकऱ्यांना प्लॅन समजावून सांगायला सभा भरवली. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये रेस्टॉरंटचं चित्र दाखवत होते. एवढ्यात पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि त्यानं आपली खुर्चीच उचलून भिरकावली. माझ्या कानाजवळून ती गेली आणि पडदा टरकन फाटला. "तिथे जेवणार? तिथे?" तो ओरडत होता. दोघांनी त्याला धरलं, तर त्यानं एकाचं नाक फोडलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ मराठीत किंचाळले, "अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" म्हातारा थबकला. भाषा कळली नसेल, पण सूर बरोबर कळला. लोक पोलिसांना बोलवायला निघाले, तेव्हा मीच म्हटलं, थांबा, आधी मला याच्याशी बोलू दे. "बोल, पण हेल्मेट घालून बोल," आमच्या कंपनीचे साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो मला न्हाणीघरात घेऊन गेला. तरुणपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ याच खाणीत होते. पाळी सुटली की सगळे शॉवरखाली रांगेत उभे राहायचे आणि प्रत्येकानं पुढच्याची पाठ घासायची, अशी इथली पद्धत. पाठीवरचा कोळसा आपल्या हातानं निघत नाही ना! याची पाठ भावाकडे असायची. "कातडं सोलायचा माझं," म्हातारा म्हणाला आणि हसला. मग एक दिवस खाली छत कोसळलं. भावाला वर आणून याच हॉलच्या टोकाला फरशीवर ठेवलं. दुसऱ्या पाळीची आंघोळीची वेळ होत आली होती. मुकादमानं लांबूनच रबरी पाइप धरला आणि कोळशाची गाडी धुवावी तसं प्रेत धुऊन काढलं. हा साबण घेऊन धावला, तर दोघांनी त्याला खाली पाडून दाबून धरलं. यानं एकाच्या हाताचा कडकडून चावा घेतला, तरी सुटका नाही. "तोंडात पाणी जात होतं त्याच्या. उघडंच होतं तोंड. मी ओरडत होतो, अरे, निदान तोंड तरी मिटा त्याचं!"

आदल्याच वर्षी पुण्यात माझे बाबा गेले. माझं विमान उतरायच्या आत त्यांना शेवटची आंघोळ घालून झाली होती. चुलतभावांनी घातली, प्रेमानंच घातली. तरी मी घरात पाय ठेवला आणि एकेकाला फाडून खाल्लं. आपल्या माणसाच्या अंगावरचं ते शेवटचं पाणी आपल्या हातचं नसलं की काय होतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"तुझ्या रिपोर्टात लिही, छत पडायला आलंय. म्हणजे पाडावंच लागेल त्यांना," म्हातारा म्हणाला.

"छत चांगलं दणकट आहे, आजोबा. खोटं नाही लिहिणार मी."

त्यानं माझ्या डोक्याशेजारी भिंतीवर बुक्की हाणली. बोटांची सालं निघाली, टाइलवर रक्त लागलं. "मग तुझा उपयोग काय?"

"ओरडू नका! मलाही ओरडता येतं!" म्हटलं, आणि ओरडून दाखवलंच. आमचे दोघांचे आवाज त्या रिकाम्या हॉलमध्ये असे काही घुमले, की बाहेरचे लोक धावत आले.

पण एक गोष्ट खरोखर माझ्या हातात होती. मागच्या चिमणीपर्यंत पोकलेन न्यायला वाट काढायची होती. एक वाट बाहेरच्या भुसभुशीत भरावावरून जात होती, दुसरी हॉलचं तेच टोक फोडून, जिथे भावाला ठेवलं होतं. दोन्ही जमण्यासारख्या होत्या. मी दुसरी आखली. नगरपालिकेनं मान्य केली. टेबलं मांडायला उरलेला हॉल त्यांना पुष्कळ होता. म्हाताऱ्याला नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा त्यानं माझे हात इतके दाबले की बोटं दुखली.

पहिला घाव त्याचा, हे मी कंत्राटदाराशी कडाकडा भांडून मिळवलं. सकाळी म्हातारा चांगला कोट घालून, स्वतःचा घण घेऊन हजर. एकेक घाव घालायचा आणि त्या कधीच्या मेलेल्या मुकादमाला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. टाइलचा तुकडा उडून त्याचा गाल चिरला, कॉलर लाल झाली, तरी थांबेना. शेवटी मीच त्याला मागे ओढलं. पोकलेननं भिंतीत दात रोवले आणि अर्धी भिंत धडाड्कन खाली आली.

धूळ बसली. जिथे भावाला ठेवलं होतं तिथे राडारोड्याचा ढीग होता आणि पलीकडे रस्त्यावरून गाड्या चाललेल्या दिसत होत्या. म्हातारा बघतच राहिला.

"कुठे गेला तो?"

"कोण, आजोबा?"

"इथेच होता. एवढी वर्षं इथेच तर होता." आणि तो माझ्यावर धावून आला. छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे बुक्क्या. "तू माझं ऐकलंस कशाला? मी वेडा म्हातारा! तू कशाला ऐकलंस?"

मला रडू फुटलं. चालकानं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. उरलेली भिंत कलली होती, तुळया लोंबत होत्या. तशी सोडली असती तर कुणाच्या तरी अंगावर आली असती. म्हातारा भिंतीकडे धावू नये म्हणून मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं. तो माझ्या नडग्यांवर लाथा झाडत होता, भावाला हाका मारत होता. माझे हात मोकळे नव्हते, म्हणून मी चालकाला मानेनंच सांगितलं, पाड.