चारूवहिनींची उसनी जीभ

शहाद्यात आमच्या गल्लीत पपई विकत घेणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. प्रत्येकाचा कोणी ना कोणी मामा, साडू नाहीतर व्याही पपईचा बाग लावून बसलेला असतो आणि व्यापाऱ्यानं नाकारलेला माल पिशव्या भरभरून दारात येऊन पडतो. केळ्यांचंही तेच. पोरं पपई बघून पळतात, पाहुणे पपई बघून "आत्ताच जेवून आलो" म्हणतात. या पिवळ्या संकटावर गल्लीत तोडगा काढला तो चारूवहिनींनी.

पूर्ण नाव चारुलता, पण ते फक्त बँकेत लागतं. माहेर नंदुरबारचं. वडील मिरचीच्या पथारीवर मुकादम. लाल मिरच्यांचे गालिचे वाळत पडलेल्या त्या मोकळ्या रानात वहिनी शिंकत शिंकत मोठ्या झाल्या. घरी ब्लाउज शिवतात. आणि बाजाराच्या दिवशी दुपारी फळांचं चाट करतात. पपई घ्यायची ती जरा करकरीत, केळं टणक, पेरू दाबला तर नख न रुतणारा. बोरं असली तर बिया काढून, डाळिंब वरून. केळं सगळ्यात शेवटी चिरायचं आणि लगेच लिंबू पिळायचं, म्हणजे काळं पडत नाही. मसाला घरचाच: भाजलेलं जिरं, काळं मीठ, मिरी, चिमूटभर ओवा, माहेरची मिरची आणि अक्कलकुव्यापलीकडच्या डोंगरातून फुलीबाई आणते तो आमचूर. मसाला टाकला की ताबडतोब वाटी हातात घ्यायची. रेंगाळणाऱ्याला वहिनी अहिराणीत म्हणत, "खाई ले ना भो, पानी सुटी जाई."

त्यांचे यजमान हेमराजभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सारा जन्म धडगावच्या घाटात गेला. एसटीत 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी असते. भाऊंनी ती घरीही पाळली. ताटात काहीही पडो, पुरणपोळी असो की खिचडी, त्यांचा अभिप्राय एकच: "बरं शे", म्हणजे बरं आहे. चाटची वाटी रिकामी करूनही तेच. वहिनींनी कधीच आशा सोडून दिली होती.

दोन वर्षांपूर्वी पौषात वहिनींना ताप आला. आठवडाभरात उतरलाही. उठून त्या कामाला लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षीसारखं चाट करायचं म्हणून तव्यावर जिरं टाकलं आणि हलवत उभ्या राहिल्या. बाहेरच्या ओट्यावरून भाऊ ओरडले, "चारू, काय जळी ऱ्हायनं?"

वहिनींनी खाली पाहिलं. जिऱ्याचा कोळसा झालेला. धूर डोळ्यांत जात होता, पण नाकाला पत्ता नव्हता. त्यांनी काळ्या मिठाचा डबा उघडून नाकाशी धरला. एरवी त्या वासानं मांजर उठून जायचं. काहीच नाही. मीठ जिभेवर ठेवलं, वाळू ठेवल्यासारखं वाटलं.

"काई नही," त्यांनी उत्तर दिलं, "तुम्ही पेपर वाचा."

कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ज्या बाईच्या हाताची चव गल्लीत मिरवते तिलाच चव कळत नाही, हे बोलायचं कसं? हाताला सवय होती, तेवढ्या भरवशावर दुसरं जिरं भाजलं, मसाला कुटला. चाखून पाहिलं तर एकच गोष्ट पोचत होती: मिरचीचा चटका. चव नसली तरी आग लागते. जिभेला काहीतरी कळतंय म्हणून वहिनी खूश झाल्या आणि अजून थोडी मिरची घातली. मग अजून थोडी.

संध्याकाळी आम्ही सगळ्या जमलो. शेजारच्या सरलाबाईनं वाटी घेऊन पहिला घास खाल्ला. तिच्या कपाळावरचं ताजं कुंकू घामानं ओघळायला लागलं. "वैनी," ती कशीबशी म्हणाली, "यंदा चाट... भलतं फक्कड व्हयनं." मीही मान हलवली, बोलायला तोंड मोकळं नव्हतं. कोणी पदर डोळ्यांना लावला, कोणी तिळगुळाचे दोन लाडू एकदम तोंडात कोंबले. पण हळदीकुंकवाच्या वाटीला नावं ठेवायची कशी? सगळ्या रडत रडत कौतुक करत होत्या.

तेवढ्यात भाऊ आत आले, रिवाजाप्रमाणे त्यांनी आपली वाटी उचलली. एक घास घेतला. 

"हाई काय शे?" भाऊंनी विचारलं.

"चाट," वहिनी म्हणाल्या.

"चाट नही, हाऊ चटका शे."

 मग सरलाबाईला हसू फुटलं आणि तिच्यामागे आम्हा सगळ्यांचं. पाण्याच्या तांब्यासाठी ढकलाढकली झाली. वहिनी मात्र लालबुंद. "इतला वरीस तोंडले कुलूप व्हतं," त्या भाऊंवर कडाडल्या, "आनी आज बठ्या बायास्नासमोर उघाडं?" आणि ताट आपटून स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचं वहिनींनीच मला नंतर सांगितलं. बायका गेल्यावर भाऊ आत गेले. वहिनी पपईची सालं गोळा करत होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, "माले चव लागत नही. ताप ऊना तवयपाईन. वास बी नही."

"मंग माले काबर नही सांगं?"

"तुम्हले सांगीसन काय उपेग? तुम्ही म्हनशात, बरं शे."

 गाडी वळणावर घ्यायच्या आधी आरशात बघावं तसं भाऊंनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "मन्ही जीभ शे ना. ती वापर."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, घाबरू नका, रोज निरनिराळे वास घेत राहा. घरी येऊन वहिनींनी ओळीनं वाट्या मांडल्या आणि भाऊंना पाटावर बसवलं. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, तेवढ्यात गल्लीला पुन्हा बोलवून नावाला लागलेला डाग धुऊन काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं.

"कसं शे?" वहिनींनी पहिली वाटी पुढे केली.

"खारं शे."

"कितलं खारं?"

भाऊ अडले. कपाळाला आठ्या घालून विचार करू लागले. मग म्हणाले, "तुन्ही मावशीना घर कढी व्हती ना, आपला लगीननंतर पहिलांदाव गयथूत तवय? तितलं नही. त्यानाथीन जरा कमी."

वहिनींचा हात तिथंच थांबला. त्या कढीत मीठ दोनदा पडलं होतं, हे त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नाही असं त्यांना वाटत होतं. भाऊंनी तर ती दोन वाट्या प्यायली होती. "तुम्हले याद शे?" त्यांनी विचारलं.

"माले बठं याद शे," भाऊ म्हणाले. मग सावकाश एकेक निघत गेलं. पहिल्या दिवाळीचं अनारसं मधोमध कच्चं होतं. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाची खीर आजवरची सगळ्यात चांगली. एका उन्हाळ्यात वहिनी रागावून माहेरी निघाल्या होत्या, त्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीत तिखट नव्हतंच. वहिनी पाटासमोर बसून ऐकतच राहिल्या.

"मंग बोलनात काबर नही?"

"तू कदी इचारंच नही. तू फक्त म्हने, 'आखो वाढू का?'"

त्यावर वहिनी हसल्या की रडल्या, हे त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की त्या दिवशी मसाला चार वेळा बदलला आणि घरातली सगळी पपई संपली.

इथवर ठीक होतं. पण एवढ्या वर्षांचं बंद तोंड एकदा उघडल्यावर मिटेचना. भाऊ गल्लीभर चवी सांगत फिरू लागले. सरलाबाईनं प्रेमानं दिलेल्या वरणाला म्हणाले, हिंग जास्त झाला. एका साखरपुड्यात थेट आचाऱ्याच्या कढईपाशी जाऊन उभे राहिले आणि रस्सा "अजून कच्चा शे, दम निंघू द्या" म्हणून सांगून आले. आचारी पळी घेऊन मागे लागला नाही, हे नशीब. वहिनींना रोज कोणाची तरी समजूत घालावी लागे.

भाऊंना आवरलं फुलीबाईनं. मोलगीपलीकडच्या पाड्यावरून ती बाजाराला येई तेव्हा वहिनींकडे चहाला थांबायची. त्या दिवशी तिनं आमचुराचं गाठोडं सोडलं, तशी भाऊंनी चिमूट तोंडात टाकली आणि गंभीरपणे निकाल दिला, "हाऊ बराबर नही. आंबट कमी शे."

फुलीबाई हसायला लागली. "भाऊ, तोंडात गूळ-शेंगदाणा आहे तुमच्या. आधी चूळ भरा."

भाऊंनी मुकाट्यानं चूळ भरली, पुन्हा चाखलं आणि डोळे गच्च मिटले. गाल आत गेले. "शे," एवढंच ते म्हणाले. वहिनी पदरात तोंड लपवून हसत होत्या. फुलीबाई उठताना म्हणाली, "वैशाखात या दोघं. आमच्याकडे आंबा कापतात ते बघा, मग बोला."

रथसप्तमीला आम्ही पुन्हा जमलो, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकीनं पिशवीत गुपचूप गुळाचा खडा आणला होता. या वेळी तमाशा आमच्यासमोरच चालू होता. वहिनी चिरत होत्या, मसाला पेरत होत्या, भाऊ शेजारी चमचा घेऊन. "लिंबू आखो." "पुरे, पेरूले सोसाव नही." "सोसाई, पिळ तू." वहिनींनी लिंबू पिळलं, पण त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या गाडीत बसल्यासारखा होता. वाट्या फिरल्या.  सरलाबाईनं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि म्हणाली, "हेमराजभाऊ, वरनना हिंगनं मी इसरी जास. आखो एक वाटी द्या." आणलेला गूळ जिच्या तिच्या घरी परत गेला.

वैशाखात दोघं खरंच डोंगरात गेले. जीप माणसांनी आणि पोत्यांनी खच्चून भरलेली. भाऊ दोन पोत्यांच्या मध्ये अडकून प्रत्येक वळणावर पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. पाड्याजवळ आले तर खडकांवर, घरांच्या कौलांवर, ताडपत्र्यांवर सगळीकडे कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या. फुलीबाईच्या अंगणात चार-पाच बाया ढिगाभोवती बसून भराभर कापत होत्या.

वहिनी जीपमधून उतरल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"काय व्हयनं? चक्कर ऊनी का?" भाऊ घाबरले.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. मान वर करून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "आंबट... आंबट वास ई ऱ्हायना."

भाऊंचा विश्वास बसेना. त्यांनी वहिनींना डोळे मिटायला लावले आणि अंगणात परीक्षा घेतली. कैरी: ओळखली. चुलीतली राख: ओळखली. स्वतःचा रुमाल पुढे केला, तो तर वहिनींनी लांबूनच ओळखून हात झटकला. बाया हातातले विळे ठेवून हसायला लागल्या. फुलीबाईनं मीठ-मिरची लावलेली फोड दिली, आणि वहिनींच्या जिभेला त्या दोन्हीपलीकडची आंबटाई लागली. फिकी, लांबून आल्यासारखी, पण लागली.

भाऊ आनंदले. मग जरा वेळानं, कैरीच्या ढिगाकडे बघत, हळूच म्हणाले, "मंग आते माले कोन इचारी?"

"मी इचारसू," वहिनी म्हणाल्या. "अजून गोड कळत नही माले. आनी कळनं तरी इचारसू."

फुलीबाईनं भाऊंच्या हातात एक विळा दिला आणि बायांच्या रांगेत जागा करून दिली. परतीची जीप येईपर्यंत ते मांडी घालून कैऱ्या कापत बसले. त्यांच्या फोडी जाडजूड निघत होत्या. फुलीबाई त्या उचलून गुपचूप वेगळ्या ठेवत होती, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईला भाऊ सांगत होते की चाटमध्ये केळं नेहमी शेवटी चिरायचं.