टायरला खूण नव्हती

१९ नोव्हेंबर. कामाच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं होतं : पांढरी गाडी, चारही चाकांना ताकद, वळताना अडते, कारण शोधणे.

काष्टीच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं. नुसत्या आवाजावरून तो गाडीचा दोष सांगतो अशी त्याची ख्याती होती, आणि एके काळी ती खरी होती. पण जन्म गेला उघड्या सायलेन्सरशेजारी आणि पत्र्यावर हातोडा मारण्यात. सहा वर्षांपूर्वी त्याचे कान गेले. मशीन लावून घ्या म्हटलं, तर म्हणाला, "कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडं कोण येईल?"

मग आम्ही एक युक्ती काढली. ट्रायलला तो गाडी चालवायचा, गिऱ्हाईक शेजारी बसायचं आणि मी मागच्या सीटवर, त्याच्या पाठीमागे. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई बाजाराला चालली असेल. मी ऐकायचे आणि त्याच्या पाठीवर बोटाने सांगायचे. वेग वाढेल तसा घुमणारा आवाज म्हणजे बेअरिंग. ज्या बाजूचं असेल त्या खांद्यावर एकदा. पूर्ण वळणावर कट-कट म्हणजे एक्सलचा रबरी बूट फाटून ग्रीस गेलेलं; त्याच खांद्यावर दोनदा. खालून मधोमध काही वाजलं तर मानेखाली. तो गाडी थांबवायचा, थोडा वेळ डोळे मिटायचा आणि निदान सांगायचा. डोळे मिटायची गरज नव्हती. ते गिऱ्हाइकासाठी असायचं.

पांढऱ्या गाडीचा मालक जवळच्याच वस्तीवरचा, दुधाच्या धंद्यातला. गाडी आणली तेव्हाच वैतागलेला होता.

"मिस्त्री, वळवायला गेलं की गाडी अडती. म्हशीला पाण्यात ढकलावं तशी अंग चोरती बघा."

नवऱ्याने त्याच्या ओठांकडे बघितलं आणि किल्ली घेतली. मी मागे बसले.

सरळ रस्त्याला काही नव्हतं. परत वळताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी ब्रेक दाबून धरल्यासारखी कुचंबली. आवाज असा नव्हताच. खालून ताण आल्याचं सीटमधून कळत होतं, आणि मग एक हलका धक्का. मी बोट उचललं आणि तसंच राहिलं. ताण येतोय, हे सांगायला आमच्याकडे खूणच नव्हती. शेवटी त्यातल्या त्यात जवळची म्हणून मी मानेखाली बोट टेकवलं.

त्याने गाडी थांबवली, डोळे मिटले.

"मधला बॉक्स गेलाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी खोलतो."

गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला. मी खाली उतरून चाकांकडे बघितलं. मागची दोन कोरी, चकचकीत रिमवर. पुढची गुळगुळीत.

"मागची कधी टाकली?" मी विचारलं.

"दसऱ्याला, वहिनी. रिमसकट. पुढची गुढीपाडव्याला टाकू म्हनलं. मुहूर्तावर घेतल्याली बरी असत्यात."

"आणि आधी मागची का?"

"आता काय सांगावं! ताकद मागंच असती की. ट्रॅक्टरला आमी मागची जोडी आधी बघतो."

तिथेच मला उत्तर मिळालं. ट्रॅक्टरला हे चालतं. जुन्या जीपलाही चालायचं, कारण डांबरी रस्त्यावर तिच्या पुढच्या चाकांची ताकद काढून घेता येते. या गाडीला ती सोय नाही. चारही चाकं कायम एकमेकांशी बांधलेली. पुढची झिजून लहान झालेली आणि मागची मोठी असली, की तो फरक मधल्या बॉक्सला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला, फेरीगणिक सोसावा लागतो. बॉक्स चांगला असतो, पण वळणावर कुरकुरतो. तसंच महिनोन्‌महिने चालवलं तर मात्र खरोखर जातो.

"आधी चाकं मोजू," मी नवऱ्याकडे तोंड करून म्हणाले. माझे ओठ त्याला चांगले वाचता येतात.

"तू चहा टाक," तो म्हणाला.

गिऱ्हाईक हसलं. मी चहा टाकला.

गिऱ्हाईक एका ओळखीच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेल्यावर मी टेप आणि खडू घेतला. टायरवर रेघ, जमिनीवर रेघ, गाडी एक फेरा ढकलायची, पुन्हा रेघ, आणि मधलं अंतर मोजायचं. मागच्या चाकाचा फेरा पुढच्यापेक्षा साडेतीन सेंटीमीटरने जास्त भरला. मी आकडा फरशीवर लिहिला.

"ब्लाउज शिवतेस का गाडीला?" तो दारातून म्हणाला. मग आला आणि बुटाने आकडा पुसला. "बॉक्स म्हणालो ना मी. गिऱ्हाइकासमोर म्हणालोय."

भीती मला कसली होती ते सांगते. तो बॉक्स आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, धुळीत खोलायची वस्तू नाही. एकदा उघडला की पहिल्यासारखा बसेल याची खात्री कुणी देत नाही. आणि आत काहीच बिघडलेलं निघालं नसतं. ज्याच्या कानावर आख्खा तालुका विश्वास टाकतो, त्याने एका माणसाची धडधाकट गाडी मोडली, ही बातमी पुढच्या बाजारापर्यंत सगळीकडे झाली असती. माझी चूक एवढीच, की मी मानेखाली बोट टेकवलं. पण त्याने खाली वाकून चाकं बघितली असती, तर बोट लागलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेला तशी मी खिळ्यावरची किल्ली काढली, जॅक, पाना आणि पायाचा पंप गाडीत टाकला आणि ती पांढरी गाडी घेऊन वस्तीवर गेले.

मालक गोठ्यात धारा काढत होता. "वहिनी? मिस्त्री कुठंत?"

"जुनी मागची चाकं कुठेत?"

ती मुरघासाच्या, म्हणजे मुरत घातलेल्या चाऱ्याच्या खड्ड्यावर होती. प्लास्टिक वाऱ्याने उडू नये म्हणून वर वजन ठेवलेलं. मी चाकं खाली ओढली, रिमच्या खोलगटात साचलेलं पाणी ओतून टाकलं, हवा भरली आणि मागची जोडी बदलली. नट आवळायला तो पुढे झाला. मी पाना दिला नाही.

"आता बसा. अंगणात पूर्ण फेरा घ्या."

त्याने एक घेतला, मग दुसरा. गाडी लोण्यासारखी फिरली. तो खाली उतरला आणि मुरघासाकडे बघत राहिला.

"काल मिस्त्री तर बॉक्स म्हनले."

'त्यांनीच पाठवलंय मला' हे वाक्य जिभेवर तयार होतं. सहा वर्षं मी अशीच वाक्यं बोलत आले होते. पण हा माणूस गावभर मिस्त्रीच्या कानाचे गोडवे गाणार आणि मी पुन्हा मागच्या सीटवर बसणार, हे मला स्पष्ट दिसलं.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"न्हाई म्हंजे? किती दिस झालं?"

"सहा वर्षं."

"मग आमच्या गाड्या कोन ऐकत हुतं?"

"मी."

आजूबाजूला कुणी आहे का ते त्याने बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "काळजी करू नका, वहिनी. मी कुनाला बोलायचो न्हाई. मिस्त्रींची अब्रू ती आपली अब्रू."

माझ्याविषयी एवढंच. अब्रू सांभाळायची ती मिस्त्रीची. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि तो मनापासून बोलत होता, म्हणून जास्त लागलं. चारही टायर एकदम, एकाच मापाचे घ्या, पाडव्याची वाट बघू नका, असं सांगून मी निघाले. त्याने मोटरसायकलवरून गॅरेजवर सोडलं.

नवऱ्याने पोती अंथरली होती. पाने मापाने ओळीत मांडले होते. गाडीच्या जागी फक्त तेलाचा डाग होता. तो माझ्याकडे बघत होता. मी बोलले असते तर त्याने मान वळवली असती, म्हणून मी खडू घेतला आणि फरशीवर लिहिलं : टायर. गाडी बरी झाली. मालकाला सांगितलं.

शेवटचे दोन शब्द त्याने दोनदा वाचले असावेत. या वेळी बूट पुढे आला नाही. त्याने पाने एकेक करून पेटीत भरले आणि पोती झटकली.

दहाच्या सुमाराला एक जुनी जीप आली. मिस्त्री ट्रायलला येतात का, असं ड्रायव्हरने विचारलं. मी फळा पुसला, जीप लिहिली आणि ट्रायल मीच घेणार म्हणून ड्रायव्हरकडे किल्ली मागितली.