फोन आला नाही म्हणजे ऑटो बंद

त्या विहिरीची केस अजूनही माझ्या डोक्यातून गेलेली नाही. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे मी हैदराबादेत राहतो. इथं शेजाऱ्याशी धड बोलता येत नाही, मोबाईलवरचे गावाकडचे ग्रुप तेवढाच आधार. पण त्यावर कुणी राजकारणावरून कुणाची आई-बहीण काढली की मला ती विहीर आठवते.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. दहावीनंतर शाळा सुटली. खात्यानं शिपाई म्हणून घेतलं, सहायक फौजदार होईपर्यंत सांभाळलं, त्याचे उपकार मी विसरत नाही. ही केस घडली तेव्हा मी कराडच्या बाजूला एका ठाण्यात होतो. नावं कुणाचीच सांगत नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्यातून खबर आली. विहिरीवरच्या मोटारीत हात सापडून एक माजी सैनिक जखमी, चार बोटं गेली, डोक्याला मार, शुद्ध नाही. त्याला इथं फौजी म्हणतो. स्टेशन डायरीला नोंद करून मी पंचनाम्याला गेलो. विहीर दोघांत सामाईक. दुसरा वाटेकरी गावातली दूध डेअरी चालवणारा, लहानपणापासूनचा मित्र. त्याला डेअरीवाला म्हणतो. मोटार एकच, पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या. वर पेटीत स्टार्टरला ऑटो बसवलेला, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू होणार. मोटार खाली विहिरीतल्या कट्ट्यावर. म्हणून दोघांचा वीस वर्षांचा नियम होता. ज्याची पाळी त्यानं ऑटो टाकला की दुसऱ्याला फोन करायचा, विहिरीत उतरू नको म्हणून. फोन आला नाही म्हणजे ऑटो बंद. पेटी उघडून बघायची गरजच नाही.

त्या दिवशी फौजी मोटारीची गळती बघायला उतरला, मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगजवळ हात घातला आणि लाईट आली.

दुपारी एक गाववाला ठाण्यात आला. खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाला, "सायब, ह्यो अपघात न्हाई. ग्रुप बघा." त्यानं मोबाईल पुढं केला. गावच्या ग्रुपवर पंधरा दिवसांपूर्वी दोघं निवडणुकीवरून भांडलेले. फौजीनं डेअरीवाल्याला देशद्रोही लिहिलं होतं, त्याच्या पक्षाच्या सगळ्यांना फुकटे म्हटलं होतं. उलट उत्तर होतं, "तुझ्यासारख्याला विहिरीत ढकलाय पायजे." खाली दोन्ही बाजूंच्या लोकांनी हसणारी तोंडं टाकलेली.

मी ते दोनदा वाचलं आणि माझ्यापुरती केस तिथंच मिटली. खरं लिहितो, त्या पक्षाविषयी माझंही मत चांगलं नव्हतं. रोज ग्रुपवर त्यांच्याविषयी वाईटच वाचत होतो. तसल्या पक्षातला माणूस असंच करणार, हे मी त्याचं तोंड बघायच्या आधी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बोलावलं आणि ठाण्याच्या दारातल्या बाकावर बसवून ठेवलं. येणारेजाणारे बघत होते. वयानं माझ्याएवढा माणूस, पण मी अरे-तुरे केलं.

"ऑटो कुणी टाकला?"

"मीच टाकला. माझी पाळी हुती."

"फोन?"

"दोनदा केला सायब. उचलला न्हाई."

मी फौजीचा मोबाईल घरच्यांकडून आणलेला होता. त्यात त्या सकाळी याचा एकही फोन दिसत नव्हता. याच्या मोबाईलवर मात्र सातच्या आधी दोन फोन गेलेले दिसत होते. मी म्हणालो, "रिंग व्हायच्या आत कट केलास. पुरावा तयार केलास."

"न्हाई ओ."

"उचलत नाही म्हटल्यावर त्याच्या घरी का गेला नाहीस? दोन शेतं ओलांडली की घर."

"कसा जाऊ? पोरीबाळींनी वाचलं, मला देशद्रोही म्हनला ते. वाटलं, रागानं उचलत नसंल. मिस कॉल बघून तरी कळंल त्याला. वर डेअरीला दूध यायची येळ झालीती."

मला ते बनावट वाटलं. मी त्याला संध्याकाळपर्यंत बसवलं, मोबाईल जप्त केला, सिम तेवढं काढून दिलं. गावात बातमी गेली. दुसऱ्या दिवसापासून लोक दुसऱ्या डेअरीत दूध घालायला लागले.

तिसऱ्या दिवशी फौजी शुद्धीवर आला. डॉक्टरांची परवानगी घेऊन मी जबाब घेतला. तो म्हणाला, "त्यानंच केलं. मुद्दाम ऑटो टाकला. ती मानसं तसलीच असत्यात."

उशाशी बसलेली त्याची बायको म्हणाली, "आवं, तुमी सरहद्दीवर असताना माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच जीपमधनं दवाखान्यात न्हेऊन झाली. काय बोलताय?"

"तू गप. तुला काय कळतंय."

मी जबाब घेऊन ठाण्यात आलो आणि अटकेचे कागद भरायला बसलो. कॉम्प्युटरवर बसणारी महिला शिपाई दोन्ही मोबाईलची नोंद करत होती. तिला म्हटलं, ह्यात फोन आलेला नाही असं लिही. तिनं मोबाईल हातात घेतला, कुठंतरी आत शिरली आणि म्हणाली, "आलेत की साहेब."

"कुठं?"

"ह्यांनी त्यांचा नंबर ब्लॉक केलाय. ब्लॉक केलेल्यांची यादी निराळी असते. हे बघा, दोन फोन. सहा बावन्न आणि सहा पंचावन्न."

लाईट आली होती साडेआठला. मी कागद बाजूला सरकवले. एका निरपराध माणसाला मी त्या संध्याकाळी कोठडीत टाकणार होतो. त्या पोरीचे मी आजही आभार मानतो. तिला मात्र त्यात काही विशेष केलं असं वाटलं नाही.

वरिष्ठांना कळवून मी परत दवाखान्यात गेलो आणि फौजीसमोर ती यादी धरली. त्यानं वाचली. मग बायकोला म्हणाला, "लाव त्याला." बायकोनं नंबर मोकळा करून लावला, स्पीकरवर टाकला. डेअरीवाल्याचं सिम आता घरच्या दुसऱ्या मोबाईलात होतं.

"मी बोलतोय रं," फौजी म्हणाला.

पलीकडून आवाज आला, "बोला. बरं हाय का आता तुमाला?"

फौजीनं बायकोला फोन बंद करायची खूण केली.

अपघात म्हणून कागद बंद झाले. डेअरीवाल्यानं विहिरीतला वाटा फौजीच्या नावावर सोडला, पैसे घेतले नाहीत. आपल्या रानात बोअर मारली. समोर आले तर दोघं बोलत, पण तुमी-आमी करून, पाहुण्यासारखे.

नोकरीत मी गुन्हेगार पुष्कळ बघितले. ह्या केसमध्ये गुन्हेगार कुणीच नव्हता, आणि तरी आम्ही तिघांनी मिळून एका मैत्रीचं वाटोळं केलं. एकानं फोनची वाट बंद केली, दुसऱ्यानं शेत ओलांडलं नाही आणि मी मोबाईलवरच्या चार ओळी वाचून माणूस ओळखला असं समजलो. त्या दोघांना निदान राग तरी होता. मला चौकशी करायचा पगार मिळत होता.

जप्त केलेला मोबाईल परत द्यायला मी स्वतः डेअरीवर गेलो. सकाळची वेळ, पण कॅन रिकामे होते. त्यानं बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. माफी मागायची ठरवूनच निघालो होतो. वर्दीत होतो, बाहेर दोघंतिघं उभे होते. मी पावतीवर त्याची सही घेतली, मोबाईल दिला.

त्यानं दोन्ही हात जोडले. म्हणाला, "लय उपकार झालं सायब. तुमच्यामुळं सुटलो."

मी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसलो.