ग्रँड म्हणणारा पाळक

“स्वरतंतूवर गाठ आहे. बायॉप्सीत कॅन्सर निघालाय,” डॉक्टर मास्कमधून म्हणाल्या. मग लगेच, “पण लवकर सापडलाय. यू विल बी ग्रँड.”

बायॉप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. आणि ग्रँड म्हणजे, आयर्लंडमध्ये, नुसतं ठीक. आपल्याकडे लग्न ग्रँड होतं, इथे चहासुद्धा ग्रँड असतो.

मी पोर्टलीश गावाजवळच्या एका छोट्या अँग्लिकन चर्चचा रेक्टर, म्हणजे पाळक. बारा वर्षं हा शब्द मी आजाऱ्यांच्या उशाशी बसून वाटत आलो होतो. त्या दिवशी तो माझ्या वाट्याला आला.

करोनामुळे आत फक्त पेशंटला प्रवेश. माझी बायको शालिनी बाहेर गाडीत थांबली होती. तिला सांगताना मी समोरच्या काचेकडेच बघत राहिलो.

२०२० च्या उन्हाळ्यात आवाज बसला होता. चर्च बंद, मी रिकाम्या बाकांसमोर मोबाइल लावून उपासना घ्यायचो. वाटलं, ओरडून ओरडून घसा धरला. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध यांत तीन महिने घालवले. तुमचा आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर माझ्यासारखं खडीसाखर चघळत बसू नका. डॉक्टरकडे जा.

वडील नगर जिल्ह्यात पाळक होते, सायकलवरून गावोगाव उपदेश करत फिरायचे. मीही तेच शिकलो. माझ्याकडे दुसरं काय होतं? आवाज गेला तर मी कोण, हा प्रश्न मला झोपू देईना.

रेडिओथेरपी म्हणजे किरणांनी गाठ जाळणं. त्यासाठी चेहऱ्यावर प्लास्टिकची जाळी बसवून ती टेबलाला अडकवतात, मान हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी जाळी अडकवली आणि माझा धीर सुटला. विश्वासणाऱ्याला मरणाचं भय नसतं, असं मी किती अंत्यविधींत ठणकावून सांगितलं होतं! मी मरणाला नाही, मुका होऊन जगण्याला भितो, अशी स्वतःची समजूत घातली. खोटं होतं ते. मरणालाही भीत होतो. एरवी तोंडपाठ असलेली एकही इंग्रजी प्रार्थना आठवेना. मराठीतच म्हणालो, “प्रभू, मला इथून सोडव.”

“ऑल ग्रँड, फादर?” टेक्निशियनने विचारलं. मी अंगठा वर केला.

डॉक्टरांनी बजावलं होतं: बोलणं अगदी कमी आणि कुजबुज तर मुळीच नाही, तिनेही तंतूंवर ताण येतो. म्हणून मी फोन घेणं बंद केलं. तरी बर्थाचा फोन आला, तो मात्र उचलला.

बर्था आमच्या चर्चच्या मंडळीतली, ऐंशी पार केलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा मी भेटायला गेलो होतो. यू विल बी ग्रँड म्हणून उठायला लागलो. “ग्रँड नको, रेक्टर. जरा बसा,” ती म्हणाली. मला कमिटीची मीटिंग होती. मी पाच मिनिटं बसलो, तेही घड्याळाकडे बघत.

“बोलू नका,” आता ती फोनवर म्हणाली. “मी बसलेय.” मग नुसता विणकामाच्या सुयांचा आवाज. उपचार संपेपर्यंत रोज दुपारी चारला ती अशी बसली. माझी मला लाज वाटायची, आणि चार कधी वाजतात याची वाटही बघायचो.

२०२१ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी नाकातून कॅमेरा घालून घसा पाहिला. “गाठ दिसत नाही. पण तपासत राहू.” आवाज मात्र फाटकाच राहिला.

चर्च उघडल्यावरच्या पहिल्या रविवारी मी उभा राहिलो. “प्रभू तुमच्याबरोबर असो,” हे आमच्या उपासनेतलं रोजचं वाक्य. ओठ हलले, हवा आली, शब्द आलाच नाही. मास्क लावलेली माणसं खाली बघू लागली.

शेवटच्या बाकावरून बर्थाचा खणखणीत आवाज आला, “आणि तुमच्याबरोबरही.” मग सगळ्यांनी तेच म्हटलं. मी न म्हटलेल्या वाक्याचं ते उत्तर होतं.

नंतर दाराजवळच्या त्याच बाकावर बसूनच तिने विचारलं, “कसं वाटतंय, रेक्टर?”

ग्रँड अगदी ओठांवर आलं होतं. “भीती वाटते अजून,” मी म्हणालो.

“मग बसा जरा,” ती म्हणाली आणि बाकावर सरकून तिने मला जागा करून दिली.